उंबऱ्याखालचा पत्रा

2008 च्या मे महिन्यात टेनेसीतल्या नॉक्सव्हिलहून एक लाल माझदा मिआटा चालवत मी डेट्रॉईटजवळच्या घरी आणली आणि 2023 च्या ऑक्टोबरात विकली. मधली पंधरा वर्षं एका जाड फायलीत आहेत. गाडी जायच्या आदल्या रात्री ती चाळायला बसलो. हौसेची बिलं पुढे, देखभालीची मागे. गिऱ्हाइकांनी मात्र फाईल उलटीकडून वाचली होती.

गाडी 1994 ची. 1.8 लिटरचं इंजिन, 128 अश्वशक्ती. एवढी ताकद हल्ली बाजारहाटाच्या गाडीलाही असते, पण हिचं वजन जेमतेम टनभर आणि ढकल मागच्या चाकांना. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात हे मॉडेल पहिल्यांदा लोकांसमोर आलं, तेव्हा स्वस्तातल्या उघड्या दोन-सिटर गाड्या जवळजवळ संपल्या होत्या. घोडा आणि स्वार एकजीव, अशी त्या जपानी अभियंत्यांची कल्पना. सांगलीत एम-80 वर वाढलेल्या मला एवढं पुरेसं होतं. आधी 1990 च्या गाड्या पाहत होतो. पण त्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड, पुली ढिली झाली की ते टोक खाल्लं जातं आणि इंजिन बाद, हे कळल्यावर चार वर्षं पुढे सरकलो.

एवढ्या लांब टेनेसीला जायचं कारण मीठ. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉईट शहराच्या पोटातच, साधारण 1,200 फूट खोल, मिठाची खाण आहे. तेव्हा कंजुषी करायचं कारण नाही. त्या मिठाने तीस वर्षांच्या गाडीचा पत्रा पापडासारखा होतो. म्हणून गाडी दक्षिणेतली घ्यायची आणि नोव्हेंबर ते मार्च गॅरेजात स्टँडवर चढवून ठेवायची. बायको म्हणायची, "वर्षातून पाच महिने चातुर्मास पाळणारी गाडी!" चातुर्मास चार महिन्यांचा असतो हे मी सांगून पाहिलं.

पहिल्या तीन वर्षांत अंगात वारं शिरलं होतं. कडक शॉकअप, जाड अँटी-रोल बार, चौदा इंची चाकं काढून हलकी पंधरा इंची, सीटमागे रोल बार आणि स्टीलचा सायलेन्सर. रोल बारचं समर्थन आजही करीन. टप उघडा असताना डोक्यावर आभाळच असतं. सायलेन्सरचं नाही करणार. हायवेवर तासाभरात डोकं उठायचं, दोन वर्षांत मूळचा परत बसवला. एक शहाणपण मात्र झालं होतं: काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, कागदात गुंडाळून तळघरात खोक्यात ठेवला.

2011 मध्ये आई आली होती. तिला ट्रॉयच्या देवळात नेलं. बसताना म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की पाट?" उतरताना दोन्ही हात देऊन ओढावं लागलं. तरी परतताना टप उघडायला तिनेच सांगितलं.

2012 च्या शरदात खरी शाळा झाली. टपावरचं पाणी मागे वाहत येतं आणि सीटबेल्टच्या मागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्यांत मेपलची पानं कुजून बोळा बसला होता. मग पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात, म्हणजे गाडीच्या उंबऱ्यात साचतं आणि गंज आतून धरतो. बाहेरून रंग झकास. उजव्या बाजूला मागच्या चाकाजवळ एक फोड दिसला तेव्हा उशीर झाला होता. जवळच्या एका गॅरेजवाल्याने त्यावर लांबी भरून, रंग मारून दिला. दोन हिवाळ्यांत फोड परत. 2015 मध्ये दुसऱ्याकडे कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. तेव्हापासून दर शरदात दोन्ही नळ्यांत मऊ दोरी फिरवायची आणि तांब्याभर पाणी ओतून ते खाली पडतंय का पाहायचं.

बाकीच्या वर्षांचं सांगण्यासारखं थोडंच. 2014 मध्ये टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप. पुढे क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळला, तो गळतोच. एकदा वर येणाऱ्या दिव्यांपैकी एक अर्धवट डोळा मिटून अडकला; बॉनेटखालची गुंडी हाताने फिरवून उघडला. शेजारची पोरं तेवढ्यावर आठवडाभर खूश.

2023 मध्ये गुडघ्यांनी आईची बाजू घेतली. जाहिरातीत सगळं लिहिलं: 1,18,000 मैल, काय बदललं, काय खोक्यात आहे, उजवा उंबरा वेल्ड केलेला आहे. शेवटच्या वाक्याने निम्मे लोक गळाले. एक तरुण आला, त्याने टर्बो कुठे बसेल तेवढंच पाहिलं. एकाने चाकं नको म्हणून पाचशे डॉलर कमी मागितले. ती चाकं मी बाराशेला घेतली होती. दुसऱ्याच्या आवडीचे पैसे कोणी देत नाही, हे जुन्या बाजारात उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

तिसरा एक निवृत्त मशिनिस्ट. नमस्कार-चमत्कार झाल्यावर इंजिनकडे न बघता थेट ड्राइव्हवेवर आडवा झाला. टॉर्च लावून, बोटाच्या पेराने उंबरा ठोकत पुढून मागे सरकला, नारळ निवडावा तसा. उजवीकडे आवाज बदलला तिथे थांबला आणि फोटो मागितले. मग म्हणाला, थोडं पाणी आणता का? मी तांब्याच आणून दिला. दोन्हीकडून पाणी खाली पडल्यावर त्याने पहिल्यांदा किल्ली मागितली. 8,200 डॉलरला ठरलं. मी 4,500 ला घेतली होती. नफा म्हणायची सोय नाही, फायलीतली बेरीज तेरा हजारांवर जाते.

टायटलवर सह्या झाल्या, खोकं आणि फाईल त्याच्या ट्रकमध्ये गेली. नळ्यांत फिरवायची दोरीही त्याने मागून घेतली. तांब्या आईचा, तो ठेवला. मिशिगनमध्ये नंबरप्लेट विकणाऱ्याकडेच राहते, म्हणून ती काढायला पाना घेऊन बसलो. चारही स्क्रू गंजून घट्ट. पंधरा वर्षांत त्यांना मी हात लावला नव्हता. त्याने काही न बोलता ट्रकमधून तेलाचा डबा आणला आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला.