सेकंड हॅन्ड 'पिक अँड प्लेस' मशीन घेताय? बटण दाबण्याआधी हे वाचा

घरातला बंद पडलेला चार्जर उघडून बघा. आतल्या बोर्डवर मोहरीसारखे बारीक पार्ट चिकटलेले दिसतील. मोबाईलमधले तर त्याहून बारीक. '०४०२' साइझचा पार्ट फक्त १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. नुसत्या श्वासानं उडून जाईल इतका.

असे पार्ट तासाला हजारोंनी बसवणारं यंत्र म्हणजे 'पिक अँड प्लेस' मशीन. यामाहा, जुकी, फुजी, पॅनासॉनिक ही यातली मोठी नावं. नवं मशीन छोट्या उद्योजकाला परवडत नाही, म्हणून मोठ्या कारखान्यांनी काढलेली जुनी मशीनं घेतली जातात. पण साठवलेली पुंजी घालून आणलेलं मशीन कोपऱ्यात धूळ खात पडू नये, तर ते चालतं कसं हे आधी समजून घ्यायला हवं.

मशीन काम कसं करतं?

स्ट्रॉ तोंडात धरून हवा ओढली की कागदाचा कपटा टोकाला चिकटतो. मशीनचं नोझल हेच करतं. पार्ट एका पट्टीच्या खळग्यांत ठेवलेले असतात आणि ही पट्टी रिळावर गुंडाळलेली असते. फीडर ती एकेक खळगा पुढे सरकवतो. नोझल हवेनं पार्ट ओढून उचलतं, कॅमेरा तो किती वाकडा उचललाय ते बघतो, दुसरा कॅमेरा बोर्डवरच्या खुणा शोधतो आणि मशीन हिशोब करून पार्ट जागेवर ठेवतं. तिथे सोल्डर पेस्ट आधीच लावलेली असते. पुढे भट्टीत ती वितळते आणि पार्ट पक्का बसतो.

चालू करण्याआधी काय बघायचं?

प्रवासात हलू नये म्हणून मशीनचं हेड पट्ट्या लावून बांधलेलं असतं. त्या पट्ट्या तशाच ठेवून मशीन सुरू केलं तर मोटर किंवा बेल्टचं नुकसान होऊ शकतं. त्या काढा आणि मशीन स्पिरिट लेव्हलनं सपाट करून घ्या.

मग वीज. बरीच जपानी मशीनं २०० व्होल्ट थ्री फेजवर चालतात आणि आपल्याकडे थ्री फेज ४१५ व्होल्टची असते. मशीनवरची प्लेट वाचून योग्य ट्रान्सफॉर्मर लावणं सक्तीचंच समजा. कॉम्प्रेसरची हवाही कोरडी हवी, नाहीतर पावसाळ्यात पाणी थेट व्हॉल्व्हमध्ये जातं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मशीनमधला जुना कॉम्प्युटर. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये सॉफ्टवेअर असतं आणि बऱ्याचदा त्याच मशीनची मापंही असतात. डिस्क गेली तर चांगलं मशीन भंगार होऊ शकतं. म्हणून पहिल्याच दिवशी तिची हुबेहूब प्रत काढा. मेमरी टिकवणारी बॅटरीही तपासा. काही मशीनमध्ये ती पॉवर चालू ठेवूनच बदलावी लागते, त्यामुळे आधी मॅन्युअल वाचा.

पार्ट पडतायत, दोष कुणाचा?

इथे बहुतेकजण घाई करतात. पार्ट उचलला जात नाही किंवा वाकडा बसतो, की लगेच स्क्रू फिरवायला आणि सेटिंग बदलायला घेतात. दोष मात्र अनेकदा हवेत असतो. नोझलमध्ये कचरा, झिजलेलं टोक, चिरलेली नळी किंवा भरलेला फिल्टर. ओढच कमी पडली तर पार्ट वाटेत घसरणारच.

साफसफाईनंही प्रश्न सुटला नाही, तर अदलाबदल करून बघा. फीडर दुसऱ्या जागी लावला आणि चूक त्याच्यासोबत गेली, तर दोष फीडरचा. नोझल दुसऱ्या हेडवर लावल्यावर चूक तिकडे गेली, तर नोझलचा. दोन्ही बदलूनही चूक जागची हलली नाही, तरच मशीनच्या सेटिंगकडे वळा. तेव्हाही जुने आकडे आधी लिहून ठेवा.

पहिली चाचणी पेस्टवर घेऊ नका. रिकाम्या बोर्डवर डबल साइडेड टेप लावा आणि त्यावर पार्ट बसवा. सगळे एकाच दिशेला सारखेच सरकलेले दिसले तर आकडे दुरुस्त करून भागतं. प्रत्येक पार्ट वेगळ्या दिशेला गेला असेल तर ढिला बेल्ट, घाण झालेला कॅमेरा किंवा पकड सुटलेलं नोझल शोधा.

भट्टीतून आल्यावर एखादा पार्ट एका टोकावर उभा दिसला तरी लगेच मशीनला दोष देऊ नका. दोन टोकांची पेस्ट एकाच वेळी वितळली नाही की असं होतं. पेस्ट सारखी लागली होती का आणि भट्टीचं तापमान कसं होतं, तेही तपासा.

सौदा करताना

मशीन चालू करून दाखवायला सांगा आणि फीडर मोजा. पार्टच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा फीडर लागतो, आणि एका कंपनीचा फीडर सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. तुमच्या बोर्डवर ४० प्रकारचे पार्ट असतील आणि मशीनसोबत १० फीडर मिळत असतील, तर उरलेल्या ३० फीडरचा खर्च धरून मगच भाव करा.