खंडणी दिली, पण कोणाला?

येशू क्रूसावर मेला आणि त्यामुळे माणसाचं तारण झालं, एवढं जगभरातल्या बहुतेक सगळ्या ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. पण 'त्यामुळे' म्हणजे नेमकं कसं, असं विचारलंत की जवळपास दोन हजार वर्षांचा वाद उघडतो. त्यात मासे धरायचा गळ आहे, उंदराचा सापळा आहे, पुस्तकांच्या पेटीतून निसटलेला कैदी आहे आणि गाण्यातल्या एका शब्दावरून झालेलं मतदानही आहे.

ठराव झालाच नाही!

ख्रिस्त कोण, हे ठरवताना चर्चनं अक्षर अन् अक्षर तपासलं. 325 साली नायसिया इथे आणि 451 साली खाल्सेदोन इथे बिशप जमले, ग्रीक शब्दांचा कीस काढला आणि व्याख्या पक्क्या केल्या. पण क्रूसावरच्या मरणानं तारण कसं घडतं, याची व्याख्या पहिल्या सात महासभांपैकी एकीनंही केली नाही. श्रद्धेच्या मसुद्यात 'आमच्याकरता' एवढाच शब्द ठेवला आणि पुढची जागा मोकळी सोडली. त्या मोकळ्या जागेत प्रत्येक काळानं आपापल्या रोजच्या जगण्यातलं चित्र भरलं.

प्रायश्चित्त कुणी घ्यायचं?

मराठीत या सिद्धान्ताला 'प्रायश्चित्त' म्हणतात आणि मराठी कान तिथेच अडखळतो. आपल्याकडे पाप ज्यानं केलं, प्रायश्चित्तही त्यानंच घ्यायचं. शेजाऱ्यानं उपास करून आपलं पाप कसं फिटेल? ख्रिस्ती धर्म नेमकं हेच म्हणतो, की दुसऱ्यानं, तेही निष्पाप असलेल्यानं, ते घेतलं. नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांत मात्र 'समेट' हा वेगळाच शब्द भेटतो. एक शब्द पापाचा निचरा करणारा, दुसरा भांडण मिटवणारा. इंग्रजीतला 'अटोनमेंट' या दुसऱ्याच्या बाजूचा आहे, कारण त्याची फोड 'एक होणं' अशी होते. विल्यम टिंडलच्या 1526 सालच्या नव्या कराराच्या भाषांतरानं तो शब्द धर्माच्या भाषेत रुजवला.

बळीचा बकरा जिवंत होता

दोष नसताना ज्याच्या माथी सगळं मारलं जातं, त्याला आपण 'बळीचा बकरा' म्हणतो. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी दिला आहे. त्यात बकरे दोन आहेत आणि चिठ्ठ्या टाकून त्यांची वाटणी होते. एकाचा बळी दिला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवून लोकांची पापं कबूल करतो आणि मग त्याला रानात सोडून देतात. म्हणजे पापाचं ओझं ज्याच्या डोक्यावर, तो त्या मजकुरात जिवंत चालत निघून जातो! (पुढच्या यहुदी परंपरेत त्याला कड्यावरून ढकलत, ती गोष्ट वेगळी.) या दुसऱ्या बकऱ्याला इंग्रजी नाव दिलं तेही टिंडलनंच, 1530 साली. त्या नावाचा अर्थ होतो 'सुटून गेलेला बकरा'.

सैतानाच्या घशात गळ

मार्कच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, की मी माझा जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून द्यायला आलो. मूळ ग्रीक शब्द 'लुत्रोन', म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला मोजलेली रक्कम. पण रक्कम म्हटली की घेणारा आला. मग ही खंडणी घेतली कोणी?

तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडितानं उत्तर दिलं, की सैतानानं. माणूस त्याच्या ताब्यात होता, तेव्हा मोबदलाही त्यालाच. चौथ्या शतकात न्यासाच्या ग्रेगरीनं त्यावर एक जबरदस्त चित्र उभं केलं. ख्रिस्ताचं मानवी शरीर हे आमिष आणि आत दडलेलं देवत्व हा गळ. हावरट माशासारखं सैतानानं आमिष गिळलं आणि गळ त्याच्या घशात रुतला. हे चित्र शतकानुशतकं टिकलं. बाराव्या शतकात आल्सासमधल्या हेराड नावाच्या मठाधिकारिणीनं सिद्ध केलेल्या सचित्र हस्तलिखितात देव चक्क गळ टाकून बसला आहे. दोरी म्हणजे येशूच्या पूर्वजांची ओळ, टोकाला क्रूस आणि खाली जबडा वासलेला लेव्याथान हा सागरी राक्षस. मूळ हस्तलिखित 1870 च्या युद्धात स्ट्रासबूर्गचं ग्रंथालय जळालं तेव्हा गेलं. त्याआधी कुणीतरी नकला करून ठेवल्या, म्हणून आज ते आपल्याला पाहता येतं.

बिशप ऑगस्टीननं गळाच्या जागी उंदराचा सापळा आणला. क्रूस हा सैतानासाठी लावलेला सापळा आणि प्रभूचं मरण हे त्यातलं खाणं. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात 1430 च्या सुमाराचं, रॉबर्ट काम्पँच्या चित्रशाळेतलं एक तीन फळ्यांचं चित्र आहे. मधल्या फळीवर देवदूत मरियेला निरोप देतोय आणि उजव्या फळीवर योसेफ सुतार आपल्या दुकानात चक्क उंदराचे सापळे करतोय! चित्रातलं हे कोडं मायर शापिरो या कला-इतिहासकारानं 1945 साली ऑगस्टीनच्या प्रवचनांकडे बोट दाखवून उलगडलं.

आणि तरीही मला सगळ्यांत भावतो तो दुसरा ग्रेगरी, नाझियान्झसचा. न्यासाच्या ग्रेगरीचा हा मित्र, दोघेही कप्पदुकियाचे. ईस्टरच्या प्रवचनात त्यानं सरळ विचारलं, की लुटारूला खंडणी आणि तीही खुद्द देवाची? ही तर लाजिरवाणी गोष्ट. बरं, पित्याला दिली म्हणावं, तर पित्यानं आपल्याला कधी कैद केलं होतं? अब्राहाम इसहाकाला अर्पण करायला निघाला तेव्हा ज्यानं तो बळी नाकारला, त्याला स्वतःच्या पुत्राच्या रक्तात कसला आनंद? कोडं सोडवायची घाई न करता, ते कुठे दुखतं हे त्यानं दाखवून दिलं. पुढच्या सोळाशे वर्षांतले बहुतेक वाद याच दोन प्रश्नांभोवती फिरत राहिले.

पन्नाशीचा येशू

दुसऱ्या शतकातला लियोंचा बिशप इरेनेयस म्हणे, की आदामनं जे बिघडवलं ते ख्रिस्तानं पहिल्यापासून पुन्हा जगून दुरुस्त केलं. बाळपण, तारुण्य, प्रौढपण, प्रत्येक वय त्यानं जगून पवित्र केलं. मग म्हातारपणाचं काय? इरेनेयसनं ठामपणे लिहून ठेवलं, की येशू चाळिशी ओलांडून पन्नाशीच्या जवळ पोचला होता. हे वय कुणी स्वीकारलं नाही, पण त्यामागचं प्रेम मला समजतं. एकही वय तारणाबाहेर राहू नये, एवढीच त्याची तळमळ.

राजाशी भांडून लिहिलेलं पुस्तक

कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म राजा दुसऱ्या विल्यमशी खटके उडाल्यानं 1097 साली इंग्लंड सोडून निघाला. पुढच्याच वर्षी इटलीत, कापुआजवळच्या डोंगरातल्या एका गावी, त्यानं 'देव माणूस का झाला?' हा ग्रंथ पुरा केला. ग्रंथ संवादरूपात आहे आणि प्रश्न विचारतो बोसो नावाचा साधू. अँसेल्मनं सैतानाला व्यवहारातून हाकललं. चोरीचा माल बाळगणाऱ्याला कसली आली भरपाई? पाप म्हणजे देवाच्या मानाचं थकलेलं देणं. ते माणसानं फेडायला हवं, पण फेडण्याची ऐपत फक्त देवात. म्हणून देव माणूस झाला. सरंजामी जगात मान आणि देणं हेच चलन होतं, आणि ऋण फेडण्याची भाषा मराठी माणसालाही लगेच कळते.

'ख्रिस्तानं आपली शिक्षा भोगली' हे मत पुष्कळजण अँसेल्मच्या नावावर टाकतात, ते चूक आहे. त्याच्या मांडणीत भरपाई किंवा शिक्षा, यांपैकी एकच. भरपाई झाली, म्हणूनच शिक्षा टळली. शिक्षेची कल्पना सोळाव्या शतकात जोर धरते आणि ती सर्वांत रेखीव मांडणारा जॉन कॅल्विन कायद्याचा विद्यार्थी होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अँसेल्मनंतर एका पिढीनं आबेलार हा धर्मपंडित आला. निष्पापाचं रक्त मागणं हे क्रूर नाही का, असं त्यानं रोमकरांस पत्रावरच्या भाष्यात विचारलं. क्रूसावर दिसतं ते प्रेम, आणि ते पाहून आपल्यातलं प्रेम पेटतं, हे त्याचं उत्तर. क्लेर्व्होचा बर्नार्ड त्याच्यावर तुटून पडला आणि सांस इथल्या धर्मसभेत आबेलारची मतं दोषी ठरली. त्याच्या त्या प्रश्नाला मात्र दोषी ठरवून उत्तर मिळालं नाही.

एक थेंब पुरला असता

1343 साली पोप सहावा क्लेमेंट यानं एका फर्मानात म्हटलं, की ख्रिस्ताच्या रक्ताचा एक थेंबही साऱ्या मानवजातीला पुरेसा होता. त्यानं तर धारा वाहिल्या. मग उरलेल्या पुण्याचं काय? ते चर्चच्या खजिन्यात जमा! या खजिन्याच्या आधारावर पापदंड-माफीपत्रांचा व्यवहार उभा राहिला आणि 1517 साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं त्यावरच बोट ठेवलं. पुढच्या वर्षी आउग्सबुर्गला कार्डिनल कायेतान यानं ल्यूथरसमोर हेच फर्मान पुढे केलं.

पेटीतला कैदी

सिएनाच्या फाउस्तो सोझ्झिनीनं सोळाव्या शतकाच्या अखेरीला रोखठोक मुद्दा काढला. पैशाचं कर्ज दुसरा फेडू शकतो, गुन्हा कसा फेडणार? आणि कर्ज वसूल झालं असेल, तर 'क्षमा केली' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

1617 साली त्याला उत्तर दिलं ह्यूगो ग्रोटियसनं, आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या डच विधिज्ञानं. देव हा सावकार नव्हे, राज्यकर्ता आहे. राज्यकर्ता शिक्षा सौम्य करू शकतो, पण कायद्याची बूज राहील अशा रीतीनं. एका वर्षात ग्रोटियस स्वतःच गजाआड गेला. ख्रिस्त सर्वांसाठी मेला की फक्त निवडलेल्यांसाठी, या वादात हॉलंड दुभंगलं होतं आणि त्यात राजकारणही तितकंच मिसळलेलं होतं. नोव्हेंबर 1618 मध्ये डोर्ट शहरात धर्मसभा बसली, ती 'निवडलेल्यांसाठी' या बाजूनं गेली. सभा पुरती उठलीही नव्हती, तोच 13 मे 1619 रोजी दुसऱ्या बाजूला पाठीशी घालणारे वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट यांचा शिरच्छेद झाला. त्यांच्याच बाजूच्या ग्रोटियसला लोव्हेस्टाइनच्या किल्ल्यात जन्मठेप.

कैदेत त्याला वाचायला पेटी भरून पुस्तकं येत आणि जात. पहारेकऱ्यांनी पेटी तपासणं सोडून दिलं, हे त्याच्या बायकोच्या, मारियाच्या, नजरेनं टिपलं. मार्च 1621 मध्ये तिनं नवऱ्याला त्या पेटीत बसवून किल्ल्याबाहेर रवाना केलं! आज अ‍ॅम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि डेल्फ्टचं प्रिन्सेनहोफ, दोन्हीकडे 'हीच ती पेटी' म्हणून एकेक पेटी दाखवतात.

ग्रोटियसचा ग्रंथ आला त्याच्या आदल्याच वर्षी, 1616 मध्ये, गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. युरोपात तारणावर वकिली युक्तिवाद झडत होते, तेव्हा इथे तीच कथा जवळपास 11,000 मराठी ओव्यांत सांगितली जात होती.

बाप उभा राहिला

स्कॉटलंडमधल्या रो गावचे तरुण पाळक जॉन मॅक्लाउड कॅम्बेल, ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं शिकवत. 1831 साली चर्चच्या महासभेनं त्यांना पदावरून काढलं. त्यांचे वडीलही पाळकच. अशा मुलाचा बाप म्हणवून घ्यायला मला कधीच लाज वाटणार नाही, असं ते त्याच सभेत उठून म्हणाले. पंचवीस वर्षांनी, 1856 मध्ये, कॅम्बेलनी याच विषयावर लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

नऊ विरुद्ध सहा

वाद संपलेला नाही. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं नवं गीतपुस्तक 2013 साली आलं. त्यात एक अतिशय लोकप्रिय आधुनिक गीत घ्यायचं होतं. पण क्रूसावर देवाचा क्रोध शमला, अशा अर्थाची एक ओळ त्यात होती. समितीनं क्रोधाच्या जागी प्रेम आणायची परवानगी मागितली, गीतकारांनी नाकारली. समितीत मतदान झालं आणि नऊ विरुद्ध सहा मतांनी गीत वगळलं गेलं. माझ्या मते दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. आपण काय गातोय याची एवढी फिकीर असणं ही चांगलीच गोष्ट आहे.

मनगट

1930 साली स्वीडनच्या गुस्ताफ आउलेन या धर्मपंडितानं दाखवून दिलं, की भरपाई आणि शिक्षेच्या चर्चेत पश्चिमेकडचं चर्च सर्वांत जुनी गोष्ट विसरलं होतं, ती म्हणजे विजयाची. पूर्वेकडचं चर्च ती कधी विसरलंच नव्हतं. इस्तंबूलच्या एकेकाळच्या खोरा चर्चमध्ये 1315 ते 1321 च्या दरम्यानचं एक भित्तिचित्र आहे. पांढऱ्याशुभ्र वस्त्रातला ख्रिस्त पाताळाची दारं तुडवून उभा आहे. एका हातानं आदामला, दुसऱ्या हातानं हव्वेला तो थडग्यातून ओढून काढतोय. नीट पाहिलं तर त्यानं त्यांचे पंजे धरलेले नाहीत, मनगटं धरली आहेत. खाली बांधून टाकलेला सैतान पडलाय आणि त्याच्याभोवती तुटक्या कड्या, कुलपं आणि किल्ल्यांचा खच.