फोटो की चित्र? मुलाच्या पाठीवरच्या पुरळाला विचारा

रात्री अकरा वाजता मुलाला ताप चढतो, अंगावर बारीक पुरळ आल्यासारखं वाटतं आणि तुम्ही फोनवर एखादी आरोग्याची वेबसाइट उघडता. तिथल्या फोटोत गोऱ्या पाठीवर लालबुंद ठिपके. तुमच्या मुलाची पाठ सावळी, तिच्यावर लाल असं काहीच दिसत नाही. मग हे तेच की दुसरं काही?

वेबसाइटवर फोटो घालावा की चित्र, हा वाद बहुतेक वेळा ‘काय छान दिसेल’ यावर होतो. मी आधी विचारेन, की वाचकाला त्या पानावर करायचं काय आहे?

रचना समजून घ्यायची असेल तर चित्राला तोड नाही. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’च्या १८५८च्या पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रं होती. ती काढणाऱ्या हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी स्नायूंची, शिरांची नावं बाजूला न लिहिता त्या त्या भागावरच लिहिली. (हे कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. म्हणजे थोडेफार आपलेच!) शवविच्छेदनाच्या टेबलावर चरबी, पडदे, नसा यांचा गुंता असतो. कॅमेरा तो सगळा टिपतो. चित्रकार हवी ती धमनी ठेवून बाकीचं गाळतो.

पुरळाच्या बाबतीत मात्र काय गाळायचं तेच कळत नाही. रंग, उंचवटा, खरखरीतपणा, सगळंच कामाचं. इथे फोटोच हवा. पण कोणाच्या त्वचेचा? लाली येते ती त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे, आणि मेलॅनिन असतं त्यांच्या वरच्या थरात. ते भरपूर असेल तर तीच लाली जांभळट, तपकिरी किंवा करडी दिसते. गोऱ्या त्वचेचा फोटो खोटा नसतो, पण तुमच्या घरी तो उपयोगी पडत नाही.

लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये शिकणारे मॅलोन मुकवेंडे आणि त्यांचे दोन शिक्षक यांनी २०२०मध्ये ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका काढली ती यासाठीच. कृष्णवर्णीय आणि सावळ्या त्वचेवर रोगाची लक्षणं कशी दिसतात ते त्यांनी फोटोंतून दाखवलं. ग्रे आणि कार्टर हेही सेंट जॉर्जेसचेच, हा योगायोग मला फार आवडतो.

फोटो वेबसाइटवर चढवतानाही जपावं लागतं. जेपेगमध्ये उजेड-अंधाराचा तपशील बऱ्यापैकी टिकतो, रंगाचा सहसा कमी केला जातो, कारण आपल्या डोळ्यांना तो फरक कमी जाणवतो. सहलीच्या फोटोला हे चालतं. पण फोटो फार दाबला, तर बारीक ठिपक्यांचा रंग आजूबाजूला मिसळतो.

मेनिंजायटिसच्या पुरळाबद्दल ब्रिटनच्या एनएचएसची सूचना लक्षात ठेवा: सावळ्या अंगावर ते पटकन दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय, टाळू, पापणीची आतली बाजू असे फिकट भाग पाहा. संशय असेल तर पुरळ उठायची वाट न पाहता तातडीने मदत मागा. पुरळावर काचेचा ग्लास दाबून ते फिकं होतं का, हेही पाहायला सांगतात. न होणारं पुरळ कसं दिसतं त्याचा फोटो हवा, सावळ्या त्वचेवरचासुद्धा. पण ग्लास धरायचा कसा, हे मला साध्या रेघांच्या चित्रातच पाहायला आवडेल. फोटोत काचेवरची चमकच आधी डोळ्यांत भरते.