गोदामाला कॅमेरा बसवताय? आधी हे ठरवा

आज वही-पेन जवळ घेऊन बसा, कारण बोलता बोलता थोडा हिशेब करायचा आहे. बचत गटातल्या बाईला हिशेबाची भीती नसते, म्हणून तो मी गाळणार नाही.

विषय आहे कॅमेऱ्यांचा. मसाला केंद्र, डाळ मिल, धान्याचं गोदाम, शेळ्यांचा गोठा, दुधाचं संकलन केंद्र, अशा ठिकाणी आपल्या बऱ्याच गटांनी कॅमेरे बसवलेत किंवा बसवायचं चाललंय. पैसा गटाचा असतो, आणि घ्यायचं काय हे मात्र दुकानदार ठरवतो. आमचंही तसंच झालं होतं.

आमच्या ग्रामसंघाचं हळदीचं गोदाम आहे आणि त्याला लागूनच मसाला केंद्र. तिथे चार कॅमेरे होते. एका महिनाअखेरीला साठा मोजला, तर पाच पोती हळद कमी भरली. गोदामाची चावी ज्या मावशींकडे असायची, त्यांच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण बैठकीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. आम्ही म्हटलं, कॅमेरे आहेतच, बघून घेऊ. रेकॉर्डर उघडला, तर आत फक्त शेवटच्या सहा दिवसांचं चित्रीकरण. त्याआधीचं सगळं यंत्रानं आपोआप पुसून टाकलेलं.

मावशी पुढच्या दोन बैठकींना आल्याच नाहीत. तीन आठवड्यांनी गिरणीवाल्याच्या वहीत नोंद सापडली. पाच पोती दळायला गेली होती आणि आपल्या वहीत जावक लिहायची राहून गेली होती. चोरी झालीच नव्हती! आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "यंत्र तुम्ही चोर धरायला घेतलंत. माझ्या बाजूनं बोलायला त्यात काहीच नव्हतं."

दुकानदारानं "मोठी डिस्क टाकलीय" असं सांगितलं होतं. मोठी म्हणजे किती दिवसांची, हे मी विचारलं नव्हतं. समन्वयक म्हणून ते विचारणं माझं काम होतं. म्हणून आज तुम्हाला सांगते.

कॅमेरा चोराचा हात धरत नाही. घडून गेल्यावर आपण प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर द्यायचं काम त्याचं. म्हणून दुकानात जायच्या आधी बैठकीत बसून तीन गोष्टी लिहून काढा. कोणत्या जागेवर नजर हवी? तिथे काय दिसायला हवं, नुसतं कुणीतरी आलं एवढं, की माणसाचा चेहरा? आणि आपल्याला प्रश्न पडेपर्यंत किती दिवस जातात? आमचा साठा महिन्यानं मोजला जायचा आणि चित्रीकरण सहा दिवसांचं होतं. ते कामाला येणारच नव्हतं.

आता यंत्राकडे वळू. बाजारात दोन घराणी आहेत. जुन्या पद्धतीत कॅमेऱ्यापासून जाड गोल वायर येते आणि ती डीव्हीआर नावाच्या पेटीला जोडतात. दुसरी पद्धत नेटवर्क कॅमेऱ्याची, त्याला आयपी कॅमेरा म्हणतात. त्याची पेटी म्हणजे एनव्हीआर. नेटवर्क कॅमेऱ्याला संगणकाची वायर लागते, आणि पीओईची सोय असेल तर त्याच एका वायरीतून वीज जाते आणि चित्रही येतं. प्रत्येक कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग काढावा लागत नाही. ही वायर १०० मीटरपर्यंत, म्हणजे सव्वातीनशे फुटांपर्यंत चालते. जुने कॅमेरे आणि वायरी चांगल्या असतील तर उगाच फेकू नका. नव्यानं सगळं करायचं असेल तर नेटवर्कचे घ्या, पुढे वाढवायला सोपे पडतात.

वायफायचे सुटे कॅमेरेही मिळतात, आत छोटं मेमरी कार्ड घालायचं. घराच्या ओट्यासाठी ठीक आहेत. पण गोदामाला नकोत. चोर कॅमेराच उपटून घेऊन गेला, तर कार्डही त्याच्याबरोबर जातं.

पेटी किती कॅमेऱ्यांची, तेही बघा. चार, आठ, सोळा अशा पेट्या येतात. आज चार कॅमेरे लागत असतील तर आठची घ्या. उद्या वजनकाट्यावर एक वाढवायचा म्हटलं तर पेटी बदलायला लागू नये.

आता कॅमेऱ्याचा डोळा. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, पण भिंग कोणतं हे सांगत नाही. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चित्राची रुंदी १९२० ठिपक्यांची असते. अनोळखी माणसाचा चेहरा नीट ओळखू यायचा असेल, तर दर मीटरला साधारण २५० ठिपके लागतात असं मानलं जातं. १९२० ला २५० नं भागा. साडेसात मीटर, म्हणजे पंचवीस फूट. चित्रात पंचवीस फुटांपेक्षा जास्त रुंद जागा मावली असेल, तर माणूस दिसेल, पण तो कोण हे सांगता येणार नाही.

भिंगाचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. २.८ चं भिंग खूप रुंद दाखवतं, पण २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्यातून चेहरा साधारण दहा फुटांपर्यंतच ओळखू येतो. ४ चं भिंग असेल तर चौदा-पंधरा फुटांपर्यंत, आणि ६ चं असेल तर पंचवीस फुटांपर्यंत. आमच्या चारही कॅमेऱ्यांना २.८ चं भिंग होतं. अंगण, कुंपण, आंब्याचं झाड, सगळं दिसायचं. फाटकातून आत येणारा माणूस मात्र अंगठ्याएवढा! आता दाराशी ४ चा आणि फाटकाकडे ६ चा बसवलाय, आणि गोदामाच्या आत एक रुंद भिंगाचा.

उंचीचंही तसंच. कॅमेरा पार छपराला लावला की डोक्यावरचा पदर नाहीतर टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. दाराजवळ आठ-नऊ फूट उंची पुरते. दार पूर्वेला असेल तर सकाळी मागून ऊन येतं आणि दारातला माणूस काळा ठिक्कर दिसतो. अशा जागी डब्ल्यूडीआरची सोय असलेला कॅमेरा मागा. तो उजेड आणि सावली दोन्ही सांभाळून घेतो. बाहेरच्या कॅमेऱ्यावर आयपी ६६ किंवा ६७ असं लिहिलेलं बघा. म्हणजे धूळ आणि पावसाचा मारा तो सोसतो.

रात्री बहुतेक कॅमेरे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतात आणि चित्र काळं-पांढरं येतं. लुगड्याचा किंवा गाडीचा रंग कळत नाही. रंग हवा असेल तर जवळ एक दिवा रात्रभर चालू ठेवा. आणि एक अनुभवाची गोष्ट. कॅमेऱ्यापुढे कोळ्यानं जाळं विणलं, की रात्री तेच पांढरंफेक चमकतं आणि मागचं काही दिसत नाही. मसाला केंद्रात तर मिरचीची आणि हळदीची पूड काचेवर बसते. पंधरा दिवसांतून एकदा मऊ कोरड्या फडक्यानं पुसायचं काम कुणाचं, हे वहीत लिहून ठेवा.

आता तो हिशेब. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा, नव्या एच.२६५ पद्धतीनं चित्र दाबून साठवत असेल, तर दिवसरात्र मिळून साधारण २२ जीबी जागा खातो. चार कॅमेरे म्हणजे दिवसाला ८८ जीबी. १ टीबीची डिस्क म्हणजे १००० जीबी. भागाकार करा. अकरा दिवस! जुनी एच.२६४ पद्धत असेल तर जागा जवळपास दुप्पट लागते, म्हणजे तीच डिस्क पाच-सहा दिवसांत भरते. आमचं नेमकं हेच झालं होतं. डिस्क भरली की यंत्र सगळ्यात जुनं पुसतं आणि त्यावर नवं लिहितं.

आम्हाला महिन्याचा साठा आणि वर चौकशीला एक आठवडा धरून ३७ दिवस हवे होते. ३७ गुणिले ८८ म्हणजे ३२५६ जीबी. म्हणून ४ टीबीची डिस्क घेतली. हालचाल झाली तरच चित्रीकरण कर, असं यंत्राला सांगता येतं, त्यात दिवस आणखी वाढतात. पण हिशेब दिवसरात्रीचाच धरा. डिस्क मात्र कॅमेऱ्याच्या कामासाठी बनवलेली मागा. संगणकाची साधी डिस्क अखंड लिहीत राहण्यासाठी बनवलेली नसते.

विजेचं सांगते. रेकॉर्डर आणि चार कॅमेरे मिळून साधारण ४० ते ६० वॅट लागतात. छताच्या जुन्या पंख्यापेक्षाही कमी. पण भारनियमन रात्रीचं असेल आणि बॅटरी नसेल, तर नेमक्या अंधारात कॅमेरे आंधळे. केंद्रात इन्व्हर्टर असेल तर ही सगळी जोडणी त्यावर घ्या. रेकॉर्डर मात्र गोदामात उघड्यावर ठेवू नका. शक्यतो दुसऱ्या खोलीत, कुलपाच्या कपाटात ठेवा, फक्त कपाटाला हवा खेळू द्या. आणि दर महिन्याला त्याचं घड्याळ तपासा. वेळ चुकीची असेल तर चित्र खरं असूनही साक्ष खोटी पडते.

इंटरनेट नसलं तरी चित्रीकरण होतं. इंटरनेट लागतं ते लांबून मोबाइलवर बघायला. चोवीस तास मोबाइलवर बघत बसलं तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला वीसेक जीबी जातील. म्हणून गरज पडेल तेव्हाच उघडायचं.

इथे एक नाजूक गोष्ट आहे, पण बोलायला हवी. पासवर्ड कुणाकडे? आमच्याकडे तो दुकानदारानं ठेवलेलाच होता, १ २ ३ ४ ५ ६, आणि चित्र अध्यक्षताईंच्या मुलाच्या मोबाइलवर यायचं. केंद्रात वीस बाया काम करतात. गरमीत पदर बाजूला ठेवतात, कुणी लेकराला पाजत असतं. ते चित्र कुणाच्या घरात कोण बघतंय? मुलगा चांगला आहे, पण प्रश्न त्याच्या चांगुलपणाचा नाही. पहिल्या दिवशी पासवर्ड बदला, तो आपल्या बायकांच्याच हातात ठेवा, आणि दुकानदारासमोर बदलून घ्या. न्हाणीघर, संडास, कपडे बदलायची आणि लेकराला पाजायची जागा, शेजाऱ्याचं अंगण, यांच्याकडे कॅमेऱ्याचं तोंड नको म्हणजे नको. बाईचं खाजगी चित्र चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. आणि कॅमेरा चालू आहे अशी पाटी दारावर लावा. चोरून बघायचं नाहीये आपल्याला.

चोरी खरोखर झाली तर काय करायचं? पडद्यासमोर मोबाइल धरून चित्र काढायचं आणि गावभर पाठवायचं, असं करू नका. तेवढा भाग रेकॉर्डरमधूनच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, मूळ डिस्कला हात लावू नका, आणि पोलिसांना कळवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे यंत्र कुणाच्या ताब्यात होतं आणि नकल कुणी, कधी केली, याची नोंद वहीत हवी.

आता कोटेशन घेताना विचारायचे प्रश्न. लिहून घ्या.

एक, आमच्या इतक्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण किती दिवस राहील? कोटेशनवर लिहून द्या.

दोन, प्रत्येक कॅमेऱ्याचं भिंग किती मिलिमीटरचं?

तीन, कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्ही ऑनव्हिफ मानतात का? ही कंपन्यांनी मिळून ठरवलेली समान भाषा आहे. ती असेल तर उद्या दुसऱ्या कंपनीचा कॅमेराही याच पेटीला जोडता येतो.

चार, कॅमेऱ्याची सरकारी सुरक्षा तपासणी झालीय का? एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना ती सक्तीची आहे. कागद दाखवा म्हणा.

पाच, बिघडलं तर किती दिवसांत येणार, आणि हमी किती वर्षांची? बिल गटाच्या नावावर हवं.

निदान तीन कोटेशनं घ्या. आणि पैसे पूर्ण द्यायच्या आधी रात्री एकदा जाऊन बघा. एका मैत्रिणीला फाटकातून चालत यायला सांगा आणि पडद्यावर तिचा चेहरा ओळखू येतो का ते तपासा.

शेवटचं एकच. कॅमेरा आला म्हणून आवक-जावक वही सोडू नका. आमची पाच पोती अखेर वहीनंच शोधून दिली. आता आमच्याकडे रेकॉर्डर बघायला तीन जणींची समिती आहे. एकटीनं कुणी उघडायचा नाही, आणि का उघडला ते लिहायचं, असा ठराव केलाय. त्या तिघींत मावशी आहेत. दर सोमवारी त्या सगळ्यात जुनी तारीख कोणती दिसते ते बघतात आणि वहीत मांडतात. ३७ दिवस भरले नाहीत, तर पहिला फोन मला येतो.

तुमच्या गटात कॅमेरे असतील तर उद्याच जाऊन तेवढी एक तारीख बघा.