अँटिव्हायरसची वर्गणी, बाबांचे अठराशे रुपये आणि एक छोटीशी सिद्धता

गेल्या महिन्यात थीसिसचं तिसरं प्रकरण लिहीत बसले होते, तेवढ्यात घरून बाबांचा फोन. "अगं, लॅपटॉपवर लाल पाटी आलीये. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे म्हणतंय. अठराशे रुपये भरू का?"

गेल्या वर्षी हेच अँटिव्हायरस सहाशेला घेतलं होतं. म्हणजे पहिल्या वर्षी सवलत आणि नूतनीकरणाला तिप्पट! त्यात पाटी दर अर्ध्या तासाला. लॅपटॉपवर आजीचे सगळे फोटो आहेत, त्यामुळे बाबा खरंच घाबरले होते. म्हटलं, "बाबा, थांबा जरा. आत्ता काही भरू नका."

मग प्रश्न पडला, की या अठराशे रुपयांत नक्की मिळतं काय?

अँटिव्हायरस ढोबळमानाने दोन कामं करतं. पहिलं म्हणजे ओळखपरेड. माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणांची यादी असते, ती प्रत्येक फाइलशी ताडून बघायची. हे तपासायला 'आयकार' नावाची 68 अक्षरांची निरुपद्रवी फाइल असते. ती काहीच करत नाही, पण दिसली की ओरडायचं, असं सगळ्या कंपन्यांनी ठरवलंय. दुसरं काम वागणुकीवर नजर ठेवण्याचं. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फाइली बदलायला लागला, तर त्याला अडवायचं.

यात चुका दोन्ही बाजूंनी होतात. मी स्वतः लिहिलेला, डेटा वाचणारा साधा प्रोग्रॅम एकदा अँटिव्हायरसने व्हायरस समजून कोंडून ठेवला होता. अर्धा दिवस मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत होते!

जास्त पैसे भरले तर अचूक अँटिव्हायरस मिळेल का? नाही, आणि याला गणिती कारण आहे. फ्रेड कोहेन अमेरिकेत शिकत असताना 1984 मध्ये त्याने हे मांडलं. समजा, कुठलाही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे अचूक सांगणारा एक तपासनीस आहे. आता मी एक खट्याळ प्रोग्रॅम लिहिते. तो आधी तपासनीसालाच विचारतो, "मी व्हायरस आहे का?" उत्तर "हो" आलं तर तो गप्प बसतो. "नाही" आलं तर पसरायला लागतो. तपासनीस काहीही म्हणाला तरी चुकतोच. म्हणजे असा अचूक तपासनीस असूच शकत नाही. तेव्हा 'शंभर टक्के संरक्षण' असं खोक्यावर लिहिलेलं दिसलं, तर कोहेनला आठवा.

म्हणून अँटिव्हायरस निरुपयोगी ठरत नाही. तो अनेक कुलपांपैकी एक आहे, एवढंच. 2017 च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने जगभरचे कॉम्प्युटर ओलीस धरले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच फुकट दिलेलं होतं. ज्यांनी ते वेळेवर घेतलं, त्यांची ती फट बंद झालेली होती.

मग स्वस्तात काय करायचं? बाबांच्या लॅपटॉपवर मी हे केलं:

1. मुदत संपलेलं अँटिव्हायरस काढून टाकलं. विंडोज 10 आणि 11 मध्ये 'डिफेंडर' आधीपासूनच असतं. दुसरं अँटिव्हायरस टाकलं की ते बाजूला होतं, ते काढलं की परत कामाला लागतं. सुरू झालंय ना, हे सेटिंगमध्ये जाऊन बघून घेतलं.

2. डिफेंडरमधलं 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' चालू केलं. ते एरवी बंद असतं. त्यामुळे अनोळखी प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरमधल्या फाइलींना हात लावता येत नाही.

3. अपडेट आपोआप होतील असं केलं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. तुमचा लॅपटॉप विंडोज 11 घेत असेल तर अँटिव्हायरसच्या आधी ते बघा.

4. कार्डावरचं 'ऑटो-रिन्यू' बंद केलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

संशय आलाच, तर सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'वर व्हायरस काढायची साधनं फुकट मिळतात. 'व्हायरसटोटल'वर एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून घेता येते, पण तिथे आधार कार्ड किंवा बँकेचे कागद टाकू नका, कारण टाकलेली फाइल इतरांच्या हाती जाऊ शकते. आणि पैसे वाचवायला क्रॅक केलेलं अँटिव्हायरस तर अजिबात नको. ते म्हणजे चोरालाच वॉचमन नेमणं.

दुकानात किंवा क्लिनिकमध्ये पाच-दहा मशीन असतील आणि सगळ्यांवर एका जागेवरून लक्ष ठेवायचं असेल, तर विकतचं घेणं रास्त आहे. घरच्या एका लॅपटॉपला मला तशी गरज दिसली नाही.

वाचलेल्या पैशांतून बाबांनी दोन पेनड्राइव्ह घेतले. आजीचे फोटो आता दोन्हींवर आहेत, एक आमच्या कपाटात आणि एक आत्याकडे. कुठलंच अँटिव्हायरस अचूक नसणार हे एकदा मान्य केलं, की शेवटी कामाला येतो तो बॅकअपच. तुमचा शेवटचा बॅकअप कधीचा आहे? माझ्या थीसिसचा, खरं सांगते, तीन आठवड्यांपूर्वीचा होता. हे लिहिता लिहिता लावलाय.