कुपनाची सवलत : आधी हिशेब, मग खरेदी

चहा, साबण, धुण्याची भुकटी अशा वस्तूंवर कुपनाद्वारे सूट देण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. कुपनामुळे बचत होऊ शकते. परंतु ती प्रत्येक वेळी होतेच असे नाही. समजा, चहाचा १०० ग्रॅमचा पुडा ४० रुपयांचा असून कुपनावर ५ रुपये सूट मिळते. म्हणजे ग्रॅममागे ३५ पैसे पडले. त्याच चहाचा २५० ग्रॅमचा पुडा ८० रुपयांना मिळत असेल, तर तो कुपनाविनाही ग्रॅममागे ३२ पैशांनाच पडतो. ग्राहकाला ही तुलना सहज करता यावी, म्हणून आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती करण्यात आली. त्यानुसार, काही अपवाद वगळता, वेष्टनावर प्रतिग्रॅम वा प्रतिकिलो अशी एककाची किंमतही छापावी लागते. ती अवश्य पाहावी.

कुपनाची मुदत व अटी आधी वाचाव्यात. गरज नसताना केवळ सवलतीपायी घेतलेली वस्तू महागच पडते. जाहीर केलेली भेटवस्तू न देण्याच्या हेतूने देऊ करणे, अथवा तिचे मोल किमतीत धरून ती मोफत असल्याचे भासवणे, ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये अनुचित व्यापारी प्रथा होय. यासाठी पावती मागून घ्यावी व जपून ठेवावी. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.