तंजावरचा एक दिवस : भिंतीवरची मराठी, घरातली मराठी

तंजावरला एक दिवस पुरत नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही यंदाच्या दक्षिण सहलीत आमच्या मंडळाच्या विद्यार्थी गटाच्या वाट्याला तंजावरचा एकच दिवस आला. नववीपासून पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंतची २२ मुलेमुली आणि आम्ही तीन मोठी माणसे हैदराबादहून चेन्नईला आलो आणि तिथून रात्रीच्या गाडीने पहाटे तंजावरला उतरलो. सकाळी देऊळ, मग राजवाडा आणि ग्रंथालय, दुपारी जेवण आणि संध्याकाळी खरेदी, असा बेत होता. खरेदीला प्रत्येकी ५०० रुपयांची मर्यादा घातली होती. ती ऐकताच बसमध्ये जो गलका झाला, तो वाचकांनी आपापल्या घरच्या अनुभवावरून ताडावा.

बृहदीश्वराच्या देवळात सकाळी लवकर जावे. एकतर गर्दी कमी असते, दुसरे म्हणजे अनवाणी चालायचे असते आणि ऊन चढले की दगडी आवार तापते. राजराज चोळाने बांधवलेले हे देऊळ १०१० साली पूर्ण झाले. ग्रॅनाइटचे हे शिखर दोनशे फुटांहून उंच आहे. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असे मुलांनी मोबाइलवर वाचले होते. सकाळच्या उन्हात ती चांगली लांबलचक पडलेली होती, तेव्हा त्या गप्पेचा निकाल तिथेच लागला.

आम्हाला मुलांना दाखवायची होती ती मात्र वेगळीच गोष्ट. आवाराच्या नैऋत्य बाजूच्या भिंतीवर मराठीत, देवनागरी लिपीत एक भलामोठा शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तो कोरवून घेतला. त्यात भोसले घराण्याचा इतिहास आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि त्यांच्या वंशजांचे राज्य १८५५ पर्यंत चालले, म्हणजे जवळजवळ १८० वर्षे. भोवती सगळ्या तमिळ पाट्या आणि चोळांचे तमिळ लेख असताना अचानक ओळखीची अक्षरे दिसली, तशी मुले भिंतीला चिकटलीच. आमची बहुतेक मुले इंग्रजी शाळेतली. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते. बोट ठेवून, अडखळत ती एकेक ओळ वाचू लागली. जुनी वाक्यरचना कळायला जड गेली, पण नावे लागत गेली. दहा मिनिटे ठरवलेली तिथे पाऊण तास गेला.

राजवाडा मुळात नायक राजांचा, पुढे मराठ्यांनी त्यात भर घातली. त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायकांच्या काळापासूनच्या या संग्रहाला सरफोजीराजांनी खरे वैभव दिले. काशीयात्रेला गेलेला हा राजा येताना पोथ्या घेऊन आला. इंग्रजी पुस्तके विकत घेऊन त्यांवर इंग्रजीत सही करी. त्याने देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापवल्या. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यात जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितला. त्याच्या मुदपाकखान्यातले पदार्थसुद्धा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने मराठीत लिहून ठेवलेले आहेत. आमच्या मुलांना आणखी एका गोष्टीचे अप्रूप वाटले. या दरबारात तेलुगूलाही मोठा मान होता. मराठी घर आणि बाहेर तेलुगू, हे जे ती हैदराबादेत रोज जगतात, ते इथे तीनशे वर्षांपूर्वी राजवाड्यात चालत होते, आणि शेजारी तमिळ आणि संस्कृतही होतीच.

ग्रंथालयात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत. शिवाय राज्यकारभाराचे मोडी कागद वेगळे. मोडीचा नमुना पाहताना एकाने विचारले, “काकू, ही मराठीच आहे ना? मग वाचता का येत नाही?” उत्तर सोपे होते, पण ते देताना आम्हा तिघांचेही चेहरे उतरले. आमच्यातल्या एकालाही मोडी येत नव्हती. आमच्या पणजोबांच्या जमिनीचे कागद याच लिपीत होते.

दुपारी केळीच्या पानावर जेवण. सांबार आल्यावर त्याची आख्यायिका निघणारच. शहाजीराजांच्या तंजावरी मुदपाकखान्यात आमटीला कोकम मिळेना, म्हणून चिंच घातली आणि पाहुण्या संभाजीराजांवरून त्या पदार्थाला नाव पडले, अशी ती कथा. इतिहासाचा आधार नाही, पण पानावर बसून ऐकायला छान वाटते.

आता खरेदी. तंजावरी चित्रांकडे पाहून मुलांचे डोळे दिपले आणि किमती ऐकून मिटले. लाकडी फळीवर कापड चिकटवायचे, खडूच्या भुकटीच्या लेपाने दागिने आणि महिरपी उठावदार करायच्या आणि त्यावर खऱ्या सोन्याचा वर्ख लावायचा, हे वेळखाऊ काम आहे. कोणाला घ्यायचेच असेल, तर वर्ख सोन्याचा आहे की नुसता चकचकीत कागद, हे स्पष्ट विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. वीणा करणाऱ्यांच्या कार्यशाळेत फणसाच्या लाकडाचा वास भरून राहिलेला होता. कारागीर मेणावर २४ पडदे बसवत होता. एकेक पडदा बसवायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा सरकवायचा. मुले इतकी गप्प दिवसभरात कुठे बसली नाहीत.

पाचशे रुपयांत बसणारी वस्तू म्हणजे मान डोलावणारी बाहुली. तिला तमिळमध्ये ‘तलैयाट्टि बोम्मै’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या बाहुलीचा तळ गोल आणि जड असतो. कितीही पाडली तरी ती उठून बसते. पडून उठणाऱ्या या बाहुल्यांची आमच्या गटात सर्वाधिक खरेदी झाली. परीक्षेच्या टेबलावर ठेवायला, असे कारण देण्यात आले.

साड्यांच्या दुकानात मुली आपसात मराठीत भाव करत होत्या, तेव्हा शेजारी बसलेल्या एक आजी वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, “तुम्ही आमच्यातल्या का?” पुण्याच्या का, असेही त्यांनी विचारले. “नाही आजी, हैदराबादच्या,” असे कळल्यावर त्या हसल्या. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता, काही शब्द आमच्याकडून कधीच गेलेले आणि काही थेट तमिळ. पहिली दोन-तीन वाक्ये समजायला वेळ लागला, मग गप्पा सुरू झाल्या. मराठी कुठल्या शाळेत शिकलात, असे एकीने विचारले. “शाळेत कुठली? स्वयंपाकघरात,” आजी म्हणाल्या. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. घरातली पूजेची मराठी गाणी त्यांनी तमिळ अक्षरांत वहीत उतरवून ठेवली आहेत. नातवंडे चेन्नईला असतात. त्यांना मराठी कळते, पण उत्तर तमिळमध्ये येते.

देवळातल्या लेखाचे नाव निघाले. आजी तो लहानपणापासून पाहत आल्या होत्या, पण त्यात काय लिहिले आहे हे त्यांना कधी वाचता आले नव्हते. आमच्या दहावीतल्या मुलीने मोबाइलमधला सकाळचा फोटो मोठा केला आणि हळूहळू वाचायला लागली. अक्षरे तिला येत होती, पण जुने शब्द अडत होते. आजींना अक्षरे येत नव्हती, पण तिला न कळलेले दोन-तीन शब्द त्यांनी लगेच उलगडून सांगितले. एका ओळीचा अर्थ लावायला दोघी लागल्या. दुकानदाराने साड्यांचा ढीग तसाच ठेवून कॉफी मागवली.

परतीच्या गाडीत याच गोष्टीवर बोलणे झाले. आपल्या मुलांची गत आज मधली आहे. ती मराठी बोलतात, थोडी वाचतात, लिहायची वेळ आली की इंग्रजी अक्षरांत निरोप पाठवतात. तंजावरात राजाश्रय होता, छापखाना होता, तरी वाचणारे घटत गेले आणि भाषा घरापुरती उरली. आपल्याकडे राजा नाही. जे काही करायचे ते घरांनी आणि मंडळांनीच करायचे आहे. मोठ्यांनी निदान घरच्या गटात मुलांना देवनागरीतच लिहावे, इतके तर आजपासून जमेल. सहलीतल्या सहा जणांनी मोडी शिकायची इच्छा सांगितली आहे. शिकवणारे जाणकार कोणा वाचकाच्या ओळखीचे असतील, तर मंडळाला जरूर कळवावे. रविवारी सकाळी सभागृह मोकळे असते.